हौसेला मोल नाही, पण ड्युटी आहे

१९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिड्यार या गृहस्थांनी इंटरनेटवर लिलावाचं दुकान थाटलं. तेच पुढे ईबे म्हणून जगभर पसरलं. या दुकानात विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या वस्तूंत एक लेझर पॉइंटर होता, तोही बिघडलेला. गेला १४ डॉलर ८३ सेंटला. ओमिड्यार सज्जन माणूस. घेणाऱ्याची काहीतरी गफलत होतेय असं वाटून त्यांनी मुद्दाम विचारलं, की बाबा रे, हा बंद आहे हे तुला कळलंय ना? त्यावर, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो, असं उत्तर आल्याचं सांगतात.

जुने कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम परदेशातून मागवणाऱ्या मंडळींनी या गिऱ्हाइकाचा वाढदिवस साजरा करायला हवा. बंद वस्तू ही बंद असल्यामुळेच घ्यायची असते, हा या पंथाचा पहिला धडा त्याने घालून दिला.

आपल्याकडे या पंथाचे अनुयायी साधारण पंचेचाळिशीच्या आसपासचे. नोकरी बहुधा आयटीत. दिवसभर कोट्यवधी रुपयांचे सर्व्हर हाताळायचे आणि रात्री १९८२ सालच्या कमोडोर ६४वर एक चेंडू इकडून तिकडे उडवता आला की कृतकृत्य व्हायचं. या कमोडोरची सगळी मेमरी ६४ केबी. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा फोटोही त्यात मावायची मारामार.

इंग्लंडमधला माणूस जुना कॉम्प्युटर शोधतो, कारण लहानपणी तो त्याच्याकडे होता. आपला माणूस शोधतो, कारण लहानपणी तो त्याच्याकडे नव्हता. समोरच्या बंगल्यात होता. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ साली इंग्लंडमध्ये आला. पुढे पुण्यातल्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला, पण मध्यमवर्गीय घरात 'आधी गणितात मार्क पडू देत' या एका वाक्यापुढे तो टिकला नाही. १९८४ पासून 'क्लास' योजनेखाली काही शाळांत बीबीसी मायक्रो आले. त्यांच्या खोलीत चपला बाहेर काढून, रांगेने, हात मागे बांधून जायचं आणि दर्शन घेऊन परत यायचं. नव्वदच्या दशकात सेगाचं मेगा ड्राइव्ह हे गेमचं यंत्र भारतात आणलं ते शॉ वॉलेसने. म्हणजे मद्याच्या धंद्यातली कंपनी, आणि किंमतही झिंग उतरवणारी: अठरा हजार रुपये! तेवढ्यात दारात लुना उभी राहून वर पेट्रोलला पैसे उरत होते.

राहता राहिला जपानी निन्टेन्डो फॅमिकॉमच्या बेनामी नकलांचा मार्ग. आपल्या पिढीचं बालपण या नकलांवर पोसलं. त्यात लागायची ती 'कॅसेट'. ती चालेना की काढून तिच्यात फुंकर मारायची. तिच्यावर ९९९९ गेम असल्याचं छापलेलं असे आणि प्रत्यक्षात सात-आठ गेम वेषांतर करून पुन्हा पुन्हा येत. आज तोच मुलगा आर्किटेक्ट नाहीतर डिलिव्हरी मॅनेजर झालाय, खिशात क्रेडिट कार्ड आहे आणि त्याला आता अस्सल फॅमिकॉम हवाय, थेट जपानहून.

आमचे एक स्नेही या मार्गाला लागले. त्यांच्या खांद्यावरून डोकावता डोकावता मला परदेशी विक्रेत्यांचा बराच अभ्यास झाला.

अमेरिकन विक्रेत्याला सगळ्या वस्तू गॅरेजमध्ये सापडतात. आजोबांच्या गॅरेजमध्ये, नाहीतर विकत घेतलेल्या घराच्या गॅरेजमध्ये. 'मला यातलं काही कळत नाही' हे त्याचं पहिलं वाक्य. किंमत मात्र कळणाऱ्याने लावलेली असते. दुसरं वाक्य, 'तपासलेलं नाही'. का नाही? तर वायर नाही. ही वायर त्याच्याच दुकानात दोन ओळी खाली वेगळी विकायला ठेवलेली असते. तिसरं वाक्य, 'लाल दिवा लागतो'. कमोडोर ६४मध्ये पाच व्होल्टची वीज पोचली की लाल दिवा लागतो, मग आतल्या निम्म्या चिप जळलेल्या का असेनात. दिवा चालू आणि पडदा काळाठिक्कर हा या कॉम्प्युटरचा सर्वांत प्रसिद्ध आजार. तेव्हा विक्रेता खोटं बोलत नसतो. तो फक्त योग्य ठिकाणी थांबतो. शेवटी वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये असावा तसा घराण्याचा तपशील असतो: आमच्या घरात कोणी सिगारेट ओढत नाही, कुत्री-मांजरं नाहीत. पार्सल उघडून कीबोर्ड उलटा केला की त्यातून एक अख्खं मांजर जमेल एवढे केस पडतात.

इंग्रज विक्रेता प्रामाणिक. 'वापरलेला आहे, वयाच्या मानाने बरा' एवढंच लिहील आणि पाठवील ते चकचकीत. पण सगळ्यांत चांगला, खोक्यासकट, पुस्तिकेसकट जपलेला स्पेक्ट्रम असेल, तर खाली एक ओळ हमखास असते: माल पाठवला जाणार नाही, स्वतः येऊन घेऊन जावा. ठिकाण वुल्व्हरहॅम्प्टन. मग आमचे स्नेही दूरच्या नात्यातल्या लग्नाचे अल्बम काढून, 'तो लेस्टरला असतो तो कुणाचा रे?' असं विचारत बसतात.

जर्मन विक्रेत्याचं वर्णन एका ओळीचं आणि कायदा दहा ओळींचा. विक्री खाजगी आहे, हमी नाही, माल परत घेतला जाणार नाही. फोटो मात्र बघत राहावेत. चारही स्क्रू स्वतंत्रपणे टिपलेले. एखादा स्क्रू मूळचा नसेल तर तसंही लिहिलेलं.

आणि जपानी विक्रेता! त्याच्याकडची वस्तू 'जंक' म्हणून विकायला असते. तिकडे हार्ड ऑफ नावाच्या जुन्या मालाच्या दुकानांत 'जंक'चा स्वतंत्र कोपराच असतो. चालेल याची खात्री नाही आणि परत घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ते सांगताना सुद्धा जपानी माणूस माफी मागतो. 'डाव्या कोपऱ्याला किंचित ओरखडा आहे, क्षमस्व.' ओरखड्याच्या फोटोवर बाण काढलेला असतो, नाहीतर तो दिसणार नाही. पार्सल आलं की फुग्यांच्या प्लॅस्टिकचे थर सोलता सोलता संध्याकाळ होते. आत हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी आणि कागदाचा घडी घातलेला पक्षी. आमच्या वहिनींना या सगळ्या व्यवहारात आवडलेली वस्तू एकच, तो पक्षी. तो फ्रिजवर आहे.

जपानी लिलाव रात्री नऊ-दहाच्या सुमारास संपतात. म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीला. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की लिलाव पाच मिनिटांनी पुढे सरकतो, पुन्हा कोणी लावली की पुन्हा सरकतो. एकदा मी स्नेह्यांकडे बसलो असताना हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. एक हजार येनचा 'जंक' फॅमिकॉम. पलीकडे ओसाका की नागोया कुठलासा हट्टी माणूस. इकडे हे. वहिनी आतून म्हणाल्या, ''अहो, कुकर लावू का? भावजीपण थांबतायत.'' हे म्हणाले, ''पाच मिनिटं.'' पाच मिनिटांची पंचवीस झाली, हजाराचे साडेचार हजार येन झाले आणि तिकडचा माणूस एकदाचा झोपायला गेला. यांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. लढाई एका बंद वस्तूसाठी होती याची आठवण मी करून दिली नाही. कुकर अजून लागायचा होता.

खरा खर्च इथून पुढे सुरू होतो. जपानी विक्रेता परदेशी गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार करत नाही, म्हणून मध्ये दलाल कंपनी. तिचं कमिशन. विक्रेत्याच्या घरून दलालाच्या गोदामात जायचा टपालखर्च. पुन्हा बांधाबांधीचे पैसे. मग विमानाचं भाडं. मग कस्टम ड्युटी, आणि ती नुसत्या वस्तूवर नाही तर वस्तू अधिक भाडं अधिक विमा या सगळ्यावर. त्यावर आयजीएसटी. मग हे सगळे पैसे आपल्या वतीने भरल्याबद्दल कुरिअरवाल्याची फी. यात फॅमिकॉमची स्वतःची किंमत शोधायला भिंग लागतं.

परदेशातले दयाळू विक्रेते विचारतात, 'पार्सलवर भेटवस्तू म्हणून लिहू का?' त्यांना आपला कायदा ठाऊक नसतो. डिसेंबर २०१९मध्ये सरकारने भेट म्हणून टपालाने-कुरिअरने ड्युटीविना वस्तू आणायची वाट बंद केली आणि सूट ठेवली दोनच गोष्टींना: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबत येणारी भेटवस्तूसुद्धा त्यात बसत नाही, हेही स्पष्ट करून टाकलं. स्नेह्यांच्या मते कमोडोर ६४ हे जीवरक्षक औषधच आहे, पण तशी चिठ्ठी द्यायला फॅमिली डॉक्टर तयार होईनात. राखीचाही विचार झाला. मात्र दोनेक किलोचा कॉम्प्युटर मनगटाला बांधणारी बहीण कस्टमला कशी पटवायची, यावर घोडं अडलं.

बहीण मात्र खरोखर कामी आली. न्यू जर्सीची मावसबहीण. तिकडच्या तिकडे तिच्या पत्त्यावर माल मागवायचा आणि ती दिवाळीत येताना बॅगेतून आणणार. जाताना त्याच जागेत बाकरवडी आणि भाजणी जाते, त्यामुळे व्यवहार समसमान. विमानतळावर तिला थांबवलं. साहेबांनी बॅगेतून तो तपकिरी, फुगीर कीबोर्ड काढला.

''हे काय?''

''कॉम्प्युटर.''

''स्क्रीन कुठेय?''

''टीव्हीला जोडायचा.''

''मेमरी किती?''

''चौसष्ट.''

''जीबी?''

''केबी.''

साहेबांनी तो सावकाश परत बॅगेत ठेवला, चेन लावली आणि हळू आवाजात म्हणाले, ''ताई, तुम्हाला कुणीतरी फसवलंय.''

वस्तू घरात आली की वीज आडवी येते. जपानी घरात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. उत्साहाच्या भरात थेट आपल्या सॉकेटात खुपसलं की चाळीस वर्षं टिकलेलं यंत्र चार सेकंदांत निजधामाला जातं. फॅमिकॉमला लागतो दहा व्होल्ट डीसीचा अडॅप्टर, तोही पिनच्या आतल्या बाजूला मायनस असलेला. त्याच कंपनीच्या अमेरिकन भावंडाचा अडॅप्टर नऊ व्होल्टचा, पण एसी. तो फॅमिकॉमला लावला की संपलं. फॅमिकॉमचा हा उलटा अडॅप्टर घ्यायला स्नेही पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने ऐकून घेतलं, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ''लावायचाय कशाला?'' यांनी सांगितलं. तो म्हणाला, ''त्यापेक्षा पोराला नवीन घेऊन द्या की.'' पोराचा यात काही संबंध नाही, हे सांगायचं धैर्य यांना झालं नाही.

कॉम्प्युटरचे आजार तर आणखी खानदानी. कमोडोर ६४चा मूळचा पॉवर सप्लाय म्हातारपणी पाचाऐवजी जास्त व्होल्ट सोडू लागतो आणि मेमरीच्या चिप मारतो. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले कागदी कपॅसिटर वर्षानुवर्षं हवेतली ओल पीत बसलेले असतात. वीज लागली की थोड्या वेळाने फट् आवाज होतो आणि खोलीभर असा धूर पसरतो की शेजारचे बेल वाजवतात. गंमत म्हणजे धूर ओसरला तरी कॉम्प्युटर बहुधा चालूच असतो. जाणकार मंडळी याला बिघाड म्हणत नाहीत. 'झालं एकदाचं' म्हणतात आणि खिडक्या उघडतात.

मग रंग. जुन्या प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं घालत, ती उन्हाने पिवळी पडतात. त्यामुळे एके काळचा करडा सुपर फॅमिकॉम हळदीला बसल्यागत दिसतो. यावर उपाय म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पुन्हा उन्हातच ठेवणे. ते मलमाच्या रूपात मिळतं पार्लरच्या सामानाच्या दुकानात. काउंटरवरच्या मुलीने स्नेह्यांच्या टकलाकडे पाहत विचारलं, ''केसांना लावायचंय ना?'' हे म्हणाले, ''हो, केसलाच. कॉम्प्युटरच्या.'' एप्रिलच्या उन्हात गच्चीवर एका चादरीवर वहिनींच्या कुरडया आणि दुसऱ्या चादरीवर मलम फासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सुपर फॅमिकॉम, असा देखावा सोसायटीने पाहिला. कावळ्यांनी कुरडया पळवल्या. निन्टेन्डोकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कावळ्याला व्यवहार कळतो.

एवढं झाल्यावर लक्षात आलं की बदकं मारायच्या गेमची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालतच नाही. तिला जुना, पोट सुटलेला, काचेच्या नळीचा टीव्ही लागतो. तसला टीव्ही यांच्या घरी होता आणि गणपतीच्या आधीच्या आवराआवरीत दोनशे रुपयांना भंगारात गेला होता. त्याच भंगारवाल्याकडे जाऊन दुसरा एक दीड हजाराला आणला. पैसे मोजून घेताना भंगारवाला म्हणाला, ''चालू आहे का बंद, ते बघितलेलं नाही हां साहेब. वायर नव्हती.'' जागतिकीकरण म्हणतात ते हेच असावं.

या सगळ्याचं समर्थन करायला पंथाकडे दोन पुराणकथा असतात. पहिली, निन्टेन्डो आणि सोनी यांनी मिळून बनवलेल्या आणि कधीच बाजारात न आलेल्या गेमच्या यंत्राच्या नमुन्याची. एका दिवाळखोर अमेरिकन कंपनीच्या सामानाच्या लिलावात तो इतर अडगळीबरोबर ७५ डॉलरला एका माणसाला मिळाला. मार्च २०२०मध्ये तोच ३ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. दुसरी कथा अटारीची. १९८३ साली अटारीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४मध्ये त्या उकरून काढल्या आणि त्यातल्या आठशेहून अधिक ईबेवर विकून एक लाख डॉलरच्या वर रक्कम आली. म्हणजे न खपलेला माल कचऱ्यात टाकून, एकतीस वर्षांनी वासासकट काढला, तर खपला.

स्नेह्यांनी या दोन्ही कथा वहिनींना रंगवून सांगितल्या. वहिनींनी शांतपणे ऐकल्या आणि एकच प्रश्न विचारला, ''मग आपण आपलं कधी विकायचं?'' यावर पंथाच्या ग्रंथांत उत्तर नाही. जमवणारा कधी विकत नाही; तो 'जागा करतो', आणि त्या जागेत नवीन आणतो.

अखेर एका रविवारी अस्सल फॅमिकॉमवर अस्सल जपानी 'कॉन्ट्रा' लागला. पोरांना बोलावलं. पहिली निराशा अशी की अस्सल कॅसेटमध्ये गेम एकच असतो. दुसरी अशी की अस्सल फॅमिकॉमच्या रिमोटची वायर इतकी आखूड, की टीव्हीला नाक लावून बसावं लागतं. धाकटी म्हणाली, ''बाबा, हा तर आपल्या फोनवरपण चालतो.'' तेव्हा बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, ''मागची ताडाची पानं बघ. हलतायत. आमच्या लहानपणी हलत नव्हती.'' खरं आहे ते. जपानी आवृत्तीच्या कॅसेटमध्ये निराळी चिप आहे, त्यामुळे जंगलातली झाडं डुलतात; बाकी जगाला मिळालेल्या आवृत्तीत ती ढिम्म उभी असतात. पोरांनी पानं पाहिली, बाबांकडे पाहिलं आणि ती खेळायला खाली निघून गेली. बाबा मात्र बराच वेळ बंदूकबिंदूक न चालवता ती पानंच बघत होते. एकूण खर्च भागिले पानं असा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि मनातच ठेवला.

माझं मत विचाराल तर ही हौस वाईट नाही. सट्ट्यापेक्षा स्वस्त, ट्रेकपेक्षा सुरक्षित, आणि माणूस संध्याकाळी घरी सापडतो. चूक असलीच तर दिशेची आहे. ब्रिटिश स्पेक्ट्रम पन्नास लाखांच्या घरात खपला. तो तिकडे आजही मिळतो आणि उद्याही मिळेल. पुण्यात तयार झालेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' त्या मानाने फारच कमी खपला, आणि त्यातले बरेचसे दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने गेले असणार. सातासमुद्रापलीकडून पोरका स्पेक्ट्रम ड्युटी भरून आणायचा आणि घरचा पत्र्याच्या तराजूवर घालायचा, हे काही खरं नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यंदा माळा आवराल तेव्हा काळ्या रंगाचा, टीव्हीला जोडायचा, कॅसेट प्लेअरची वायर असलेला असा काही डबा हाती लागला, तर भंगारात देऊ नका. चालतोय का हे बघायला प्लगही लावू नका. चाळीस वर्षांनी एकदम वीज देणं त्याच्या जिवावर बेतेल. पुसा, ठेवा आणि आम्हाला कळवा. तपासलेला नसला तरी चालेल, वायर नसली तरी चालेल. पुण्यातल्या पुण्यात आहे, न्यायला आम्ही स्वतः येऊ. फक्त एक ते चार सोडून वेळ सांगा.